पाण्यासारखे जा

तुर्कस्तानातल्या आमच्या एरझुरूममध्ये परदेशी जावयाला आपली भाषा शिकवण्याचा हक्क कुणाला असेल, तर तो मला! तीस वर्षं मी इथल्या शाळेत भूगोल शिकवलाय. त्यामुळे आमची नेसरीन हॉलंडहून नवरा घेऊन आली आणि "बाबा, योरिसला जरा आपल्या रीतीभाती शिकवा" म्हणाली, तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या. आणि आज त्याच शिकवणीवरून सगळी गल्ली मला हसतेय. मला! बादली ओतणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही.

योरिस मुलगा सज्जन, पण वहीवाला. समोरचा शिंकला तर काय म्हणायचं, तेही लिहून घेतो. शनिवारी मी त्याला प्रवासाला निघणाऱ्याला काय म्हणायचं ते शिकवलं.

"सु गिबी गित, सु गिबी गेल! पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये. कुठे अडखळू नकोस, असं. आणि गाडी हलली की मागे पाणी ओतायचं."

"कुठे ओतायचं, बाबा?"

"कुठे म्हणजे? गाडीच्या मागे, भर रस्त्यात!"

"किती?"

"माया काय मापून ओततात का रे?"

त्याने ते वाक्य लिहून खाली दोन रेघा ओढल्या. बायको, मुनेव्वेर, तेव्हा स्वयंपाकघरात होती. नाहीतर तिने मधे तोंड घातलंच असतं.

आता रविवारचं ऐका. तायफून हा माझा पुतण्या. भाऊ वारला तेव्हा तो सात वर्षांचा होता, पुढे मीच वाढवला. त्याच्यासाठी आम्ही पासिनलरला मुलगी मागायला जाणार होतो. मागणी घरातल्या वडीलधाऱ्यानेच घालायची असते, आणि मी त्यासाठी तीन पानांचं भाषण पाठ केलं होतं. मुलीच्या वडिलांनी बजावलं होतं, "दुपारच्या नमाजाआधी या. नंतर एर्झिंजानची मंडळी येणार आहेत, तीही मुलगी मागायलाच."

मला उशीर झाला तर मागणी कोण घालणार? माझा मेव्हणा हिकमेत! गेल्या वर्षी तायफूनच्या पहिल्या स्थळाच्या वेळी मी तापाने पडलो होतो, म्हणून तो गेला. त्या गृहस्थाने मुलीच्या बापाला सव्वा तास स्वतःच्या मूतखड्याची हकिकत ऐकवली आणि शेवटी तो खडा खिशातून काढून कॉफीच्या ट्रेवर ठेवला! ते स्थळ तिथेच मोडलं. हिकमेत तायफूनला घेऊन सकाळीच पुढे गेला होता, आणि माझ्या जिवाला घोर लागला होता.

आमची गल्ली मोठ्या रस्त्याकडे चांगलीच चढत जाते. बाहेर उणे बावीस. एरवी मला निरोप द्यायला दारात मुनेव्वेर असते, त्या दिवशी ती चॉकलेटांचं चांदीचं तबक मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. मी गाडी सुरू केली. मागून खणखणीत आवाज आला, "सु गिबी गित!" आणि मागोमाग बदाबदा पाणी.

"बघ," मी म्हणालो, "याला म्हणतात शिकवणं!"

मुनेव्वेरने मागे वळून पाहिलं. "अहो, बादली? आणि भर रस्त्यात?"

मी दुर्लक्ष केलं. दहा घरं वर गेलो असू, तोच ती किंचाळली, "अंगठ्या! टेबलावर राहिल्या!"

गाडी मागे घेत दारापाशी आलो, अंगठ्या घेतल्या, पुन्हा निघालो. या वेळी चाकं नुसती गरगर फिरली. पाणी पडलं होतं तिथे काच तयार झाली होती. गाडी अदबीने, पाठ न वळवता, पुन्हा दारात येऊन थांबली.

योरिसने टाळ्या वाजवल्या. "परत आले! पाण्यासारखे!"

आणि आम्ही पुन्हा निघतोय हे पाहून दुसरी बादली! मी काचेआडून "नको, नको" म्हणत हात हलवला, तर त्यानेही प्रेमाने हात हलवला. मी जोर लावला, गाडी घसरली, तिसरी बादली! हा मुलगा शिकला तरी किती मन लावून शिकला होता!

शेवटी मी खाली उतरलो. "थांब, अरे गा..." एवढंच तोंडातून निघालं आणि दोन्ही पाय वर गेले. त्या ताज्या पाण्यातून मी पाठीवर निघालो तो माझ्या दारावरून, बेकरीवरून थेट खालच्या मशिदीच्या पायरीपर्यंत. वाटेत बेकरीवाल्याने मला सलाम केला. आणि वरून, देवाशपथ सांगतो, आवाज आला, "सु गिबी गित, बाबा!" पाठोपाठ चौथी बादली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हिकमेत.

"दाजी, साडेअकरा वाजत आले. तुम्ही धावपळ करू नका. मी आहे ना!"

"हिकमेत, तो खडा बरोबर आणलायस?"

"म्हणजे काय! पायगुणाचा आहे तो."

मी त्या उतारावरून रांगत वर आलो. अख्ख्या गल्लीने आपापल्या शेगड्यांतली राख आणून रस्त्यावर टाकली, तेव्हा कुठे गाडी चढली. गाडीतला हीटर बंद. माझी ओली विजार गोठून पत्र्यासारखी ताठ झाली होती. अर्धी वाट गेल्यावर मुनेव्वेर शांतपणे म्हणाली, "तीस वर्षं भूगोल शिकवलात ना? पाणी किती अंशांवर गोठतं हो?"

मी वायपर सुरू केले. असल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं.

पोचलो तेव्हा अजानला दहा मिनिटं उरली होती. आत हिकमेत सोफ्याच्या टोकावर बसला होता, तोंड उघडलेलं, हात खिशात. आणि तायफूनने त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं! पोराच्या पुढ्यात कॉफीचे तीन रिकामे कप. नवऱ्या मुलाची परीक्षा म्हणून मुलगी त्याला मीठ घातलेली कॉफी देते. एक कप संपवताना भल्याभल्यांचे डोळे भरतात. वेळ काढायला याने तीन मागून घेतल्या होत्या.

"माझे काका आल्याशिवाय कुणी काही बोलायचं नाही," असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे.

मी शेगडीजवळ उभा राहिलो आणि भाषणासाठी घसा साफ केला. तेवढ्यात विजार वितळायला लागली. टप. टप. टप. भारी गालिचा होता.

"अगं, याच्याखाली कुणीतरी परात सरकवा!" मुलीची आजी ओरडली.

तिन्ही पानं डोक्यातून गेली. तोंडून कसंबसं एकच वाक्य आलं, "अल्लाच्या आज्ञेने, पैगंबरांच्या वचनाने, तुमची मुलगी आमच्या तायफूनसाठी मागतो."

मुलीच्या वडिलांनी गालिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिली! दिली! आता आधी विजार बदला."

संध्याकाळी घरी आलो. टेबलावर योरिसची वही उघडी होती. मुनेव्वेरची शिकवणी आटोपली होती. नवी नोंद अशी: "हिवाळ्यात फक्त अर्धा पेला. तोही कडेच्या बर्फात. रस्त्यावर थेंबसुद्धा नाही." आणि खाली, दोन रेघा ओढून: "बाबांना माहीत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माहीत नाही? मला? चाळीस वर्षं मी या दारातून प्रवासाला निघतोय! दर वेळी माझ्यामागे पाणी ओततेस ना तू?"

"ओतते की," मुनेव्वेर म्हणाली. "कुठे ओतते, सांगा बघू?"

मी योरिसची वही मिटून ठेवली.

तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. मी आपला नेहमी गाडी चालवत असतो. चाळीस वर्षांत एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.