दिनकरमामांची शर्यतीची गाडी

मोटारींच्या शर्यतीत दिनकरमामा नेहमी शेवटचे यायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शर्यत व्हायची राजारामपुरीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात. पडद्यासमोर सीट, स्टेअरिंग, पायाशी ब्रेक. कॉलेजची पोरं गाड्या भिंतीवर आपटत सुसाट सोडायची. मामा डाव्या बाजूनं चाळीसच्या वेगानं जायचे. मागून कुणी आलं की हात बाहेर काढून म्हणायचे, "जावा म्होरं, पावणं." वेळ संपून खेळ बंद पडला की दुकानदाराला सांगायचे, "गाडीवर एक ओरखडा न्हाई. बघून घ्या."

मामा म्हणजे मंगळवार पेठेतले आमचे शेजारी. तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, बहुतेक चंदगडच्या रस्त्याला. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना नजर कमी झाली आणि स्टेअरिंग सुटलं. ऑफिसात बसून करायचं काम मिळालं होतं, ते त्यांनी चार दिवसांत सोडलं. म्हणाले, "कागदाला ब्रेक नसतोय."

त्या दुकानात त्यांना पाठवलं मीच. माझा पुतण्या संजू शाळा बुडवून तिथं पडून असायचा, त्याला ओढून आणा म्हटलं. संजू घरी आला. मामा आले नाहीत.

मग रोजचंच झालं. दळण टाकायला जातो म्हणून निघायचे ते उन्हं कलली की परतायचे, आणि दळण डब्यात तसंच. पडद्यावर परदेशातलं वाळवंट असायचं, मामांना त्यात आपलाच रस्ता दिसायचा. "ह्यो नेसरीचा फाटा. हितं एक म्हातारी हात करती," असं म्हणून खरंच गाडी थांबवायचे. पोरं हसून लोळायची.

मामींना आधी वाटलं, मटक्याचा नाद लागला. मी खरं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "गेमच हाय न्हवं? खेळू द्यात की." पण पुढं मामांचं दुपारचं जेवण सुटलं, बोलणं सुटलं. घरी असले तरी दाराकडं बघत बसायचे.

एके दिवशी मला त्यांच्या घरातून दूध करपल्याचा वास आला. जाऊन बघतो तर मामी स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या. गॅस बंद केला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. मधुमेहाची गोळी घेऊन मामी मामांसाठी जेवायच्या थांबल्या होत्या, त्यानं साखर उतरली होती. साखरपाण्यानं डोळे उघडले. पहिलं विचारलं, "ह्ये जेवलं का?"

मामा सकाळी दही आणायला गेले होते.

मी दुकान गाठलं. मामांच्या पायाशी दह्याचं भांडं होतं. मी म्हटलं, "मामी चक्कर येऊन पडल्या. आता बऱ्या आहेत." मामा खेळ तसाच टाकून उठले. पडद्यावर त्यांची गाडी पहिल्यांदाच भिंतीवर जाऊन आपटली. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी मामींच्या उशाशी बसले. म्हणाले, "घरात हातांचं काय करावं कळत न्हाई गं. तिथं बसलं की वाटतंय, मागं माणसं बसल्यात. माझ्या भरवशावर डोळं मिटून बसल्यात."

मामी म्हणाल्या, "मागं कोन बी न्हाई. मी हितं हाय."

मामांनी दुकान सोडलं. पण आठ दिवसांत चेहरा उतरला. जेवताना ताट उगाच डावीउजवीकडं फिरवायचे. नवव्या दिवशी मामी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. "चला. बघू तुमची गाडी."

काळजीनं मीही मागोमाग गेलो. पोरांनी जागा करून दिली. मामी शेजारच्या स्टुलाकडं बघत म्हणाल्या, "तीस वर्षं गाववाल्यांस्नी फिरवलंसा. मला एकदा बी म्होरं बसवलं न्हाईसा."

खांद्यावरच्या टॉवेलनं मामांनी स्टूल पुसलं, दोनदा पुसलं. मामी बसल्या, पदर सावरला. सबंध दोन डाव मामा त्यांना एकेक वळण आधी सांगत गेले आणि मामी खरंच त्या-त्या बाजूला झुकत होत्या. पोरं हसायची थांबली.

दुसरा डाव संपल्यावर मामा तिसऱ्याची तयारी करू लागले, तेव्हा मामींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"माझं गाव आलं. उतरू द्या."

मामांनी स्टेअरिंग सोडलं. उठले, आणि दुकानाच्या पायऱ्यांवरून मामींना दंडाला धरून सावकाश खाली उतरवलं.