काटा शून्यावर

एल्क प्रेअरी गावच्या जुन्या मोटारींच्या क्लबात विजेवरच्या गाडीला प्रवेश द्यावा की नाही, याबद्दल नियम नव्हता. नियम नसल्यामुळे अर्थातच उपसमिती होती.

ऑर्विल टॉर्गर्सनने वडिलांची १९५९ सालची हिरवी मोटार विजेवर करून घेतली ती फक्त आईसाठी. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत एक्क्याण्णव वर्षांच्या सोल्वेगबाईंना त्या गाडीतून वृद्धाश्रमावरून जायचं होतं. तिथे खिडकीशी त्यांची धाकटी बहीण बोर्गहिल्ड बसून असते. दोघींचं तरुणपण याच गाडीत गेलेलं. पण मिरवणुकीत गाडी न्यायची, तर क्लबाचा ‘अस्सल’ हा शिक्का हवा.

उपसमितीचे अध्यक्ष ड्वेन कुबात यांनी आत डोकावून नाक मुरडलं. समोर चकचकीत पडदा, त्यावर ‘बॅटरी ब्याण्णव टक्के’.

“ही गाडी आहे की मोबाइल, ऑर्विल?”

“आणि इंजिन काढलं, ते चालतं तुम्हाला?”

“बॉनेटखाली कोण बघायला येतंय? डॅशबोर्ड मात्र अस्सल हवा. कलम अकरा.”

असे पडदे खास बनवून देणाऱ्या केंड्राने मग पडद्यावर जुन्या गोल तबकड्या उमटवल्या. वेग, तेल, पेट्रोल, सगळं साग्रसंगीत. कुबात पुन्हा आले. पेट्रोलचा काटा हलत नव्हता.

“त्यात पेट्रोलच नाहीये, साहेब,” केंड्रा म्हणाली.

“तो तुमचा खासगी प्रश्न. काटा चालता हवा. कलम बारा.”

केंड्राने काटा मैलांना जोडला. गाडी धावेल तसं नसलेलं पेट्रोल अचूक कमी होऊ लागलं. यावर तीन गुण कापले गेले, कारण त्या काळच्या गाड्यांत काटा कधीच अचूक नसे. योग्य ती चूक बसवायला केंड्राला दोन आठवडे लागले. शेवटी कुबात यांनी विचारलं, काटा वर कसा चढतो? तो आपोआप चढत होता. हे तर फारच गैर होतं. मग टाकीचं झाकण चार मिनिटं उघडं राहिलं तरच काटा चढेल, अशी सोय केंड्राने केली.

तेव्हापासून ऑर्विल दर आठवड्याला पंपावर जाऊन टाकीचं झाकण उघडून चार मिनिटं उभा राहू लागला. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून काचा पुसू लागला. महिन्याभरात त्याला पेट्रोलचा वासही येऊ लागला. शिक्का मिळाला.

मिरवणुकीच्या दिवशी सोल्वेगबाई ठेवणीतला निळा रुमाल बांधून पुढे बसल्या. वृद्धाश्रम दोन चौकांवर आला आणि काटा शून्यावर गेला. ऑर्विलने गाडी कडेला घेतली.

“का रे थांबलास?”

“पेट्रोल संपलं, आई.”

“कसलं पेट्रोल? टाकीच्या जागी तू बॅटऱ्या बसवल्यास ना, माझ्या डोळ्यांदेखत?”

“हो गं, पण काटा बघ ना.”

“अरे गाढवा, पाय दाब नुसता!”

“नको. रिकामी चालवली तर इंजिन खराब होतं.”

“कुठलं इंजिन?”

तेवढ्यात कुबात धावत आले. त्यांचे डोळे पाणावले होते. “अगदी अशीच बंद पडायची रे माझ्या बाबांची गाडी!” सहा सभासदांनी अंगातले कोट काढले आणि धडधाकट गाडी पंपाकडे ढकलायला घेतली. ऑर्विल आत बसून गंभीरपणे चाक वळवत होता.

सोल्वेगबाई त्याआधीच उतरल्या होत्या. वॉकर टेकत टेकत त्या निघाल्या. बँड त्यांना मागे टाकून गेला, शाळेची पोरं गेली. त्या खिडकीखाली पोचल्या तेव्हा पडदा ओढलेला होता. बोर्गहिल्डला जेवायला नेलं होतं. एवढी वर्षं जपलेली हौस रस्त्यातच राहिली, आणि ती पुरी करायला पुढचं वर्ष उजाडेल याची दोघींपैकी एकीलाही खात्री नव्हती.

संध्याकाळी ऑर्विलला शंभरपैकी शंभर गुण आणि पितळी चषक मिळाला.

आता त्याला हसू नका. आज सकाळी तुम्ही चांगले ताजेतवाने उठला होतात. मग मनगटावरच्या पट्ट्याने सांगितलं की तुमची झोप नीट झालेली नाही, आणि तेव्हापासून तुम्ही जांभया देताय.