कुलथ्यांचा ढीग काही संपत नाही

वाचायला बसताना कुलथे बूट घालतात. घरात! आणि नुसते बूट नाहीत. मोजे, पट्टा, खोचलेला शर्ट, आणि बुटांना अशी पॉलिश की त्यात वरचा पंखा फिरताना दिसावा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गृहस्थ कुठंतरी निघालेत, आपण अवेळी टपकलो.

"बाहेर चाललात का?" मी दारातूनच विचारलं.

"नाही सिस्टर, पान पंचवीसला चाललोय. या, बसा."

चपला घालून वाचलं की डुलकी लागते, असं त्यांचं म्हणणं. "ड्यूटी म्हणजे ड्यूटी!" हे वर.

कुलथे भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये स्टोअरकीपर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण जिभेवरून स्टोअर गेलेलं नाही. ते चहा देत नाहीत, 'इश्यू' करतात. साखर संपली तर 'शॉर्टेज' असतं. लग्न का केलं नाही, असं मी एकदा न राहवून विचारलं. मी जन्मभर नर्सची नोकरी केली, त्यामुळं नको ते विचारायची खोडच आहे मला. कुलथे अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मागणीचा इंडेंट पाठवला होता. सप्लाय आला नाही." मी हसले. ते हसले नाहीत.

आमची ओळख झाली ती नगरमध्ये, किलोवर पुस्तकं विकतात त्या प्रदर्शनात. कुलथे तिथं बटाटे घ्यावेत तशी पुस्तकं घेत होते. काट्यावर पाचशे ग्रॅम कमी भरलं म्हणून एक जाडजूड ग्रंथ उचलून वर टाकला, कशाचा आहे ते पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात सोनईचे भाऊसाहेब आले, दोन गोण्या घेऊन. हे गावचे माजी सरपंच. हल्ली सत्कारात हार-नारळाऐवजी पुस्तक द्यायची टूम निघाली आहे ना, तिनं या माणसाचं घर भरून गेलं होतं. भाऊसाहेबांनी दुकानदाराला विचारलं, "किलोवर घेता बी का?"

मागून कुलथे कडाडले, "वाचलीत का?"

"आवो, एक बी न्हाई!"

"न वाचता डिस्पोजल? असा रूल नाही!"

मला हसू आवरेना. पण केडगावला माझ्याही घरी कपाटावर, कपाटाखाली आणि खरं सांगायचं तर कपाटात साड्यांच्या मागंही न वाचलेली पुस्तकं कोंबलेली होती. मी उगाच मध्ये तोंड घातलं आणि अडकले. तिथंच उभ्या उभ्या ठरलं की दर रविवारी सकाळी कुलथ्यांकडं जमायचं आणि तिघांचे ढीग मिळून वाचून काढायचे. "स्टॉक निल झाला की काम बंद," कुलथ्यांनी जाहीर केलं. हे वाक्य त्यांचंच, बरं का. आमचं कुणाचं नाही.

मग नियम आले. सुरू करताना शिट्टी, संपताना शिट्टी. मध्ये बोलायचं नाही. प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर नाव घालायचं नाही. का, तर "तोंड बघून माल निवडायचा नाही, हाताला येईल तो घ्यायचा." वाचून झालेलं पुस्तक कुलथ्यांच्या ताब्यात द्यायचं, ते बाजारातल्या वाचनालयात पोचवणार. मी पहिल्या दिवशीच म्हटलं, हा माणूस आम्हाला रांगेत उभं करून हजेरी घ्यायचा तेवढा बाकी आहे.

पण गंमत अशी की वाचन खरोखर होऊ लागलं. भाऊसाहेब येताना वाटेत पांढरीपुलावर थांबून भेळेचा पुडा आणायचे आणि शिट्टीनंतर तो फोडून आम्ही वाचलेल्यावर भांडायचो. बघता बघता भाऊसाहेबांच्या गोण्या संपल्या. माझं कपाट मोकळं झालं, साड्या पुढं आल्या. राहिला कुलथ्यांचा ढीग. आणि तो काही केल्या हलेना! तिघं तिघं वाचतोय, नवीन खरेदी बंद आहे, तरी दिवाणावरचा तो डोंगर जिथल्या तिथं. मी तर एकदा डोळ्यांचा नंबर तपासून आले.

भाऊसाहेबांचे गुडघे मात्र कुरकुरायला लागले होते. सोनईहून मोटारसायकलवर यायचं म्हणजे काही जवळ नाही. "येवडा ढीग झाला का मी सुटलो, शिस्टर," ते म्हणायचे. कधीकधी वाचता वाचता मान वर करायचे, "ह्ये कुटंतरी वाचल्यावानी वाटतंय."

"चांगलं पुस्तक ओळखीचंच वाटतं. सायलेन्स!" इति कुलथे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी ढिगातलं खालचं पुस्तक ओढलं. वाचता वाचता एका पानावर समासात पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: 'काहीतरीच! ताप असा उतरत नसतो.' अक्षर माझं. लेखकांशी भांडायची ही खोड माझीच. म्हणजे हे पुस्तक मी वाचलं होतं, कुलथ्यांच्या हातात दिलं होतं, आणि ते वाचनालयात असायला हवं होतं!

मी हळूच दुसरं पुस्तक उघडलं. त्यातही माझीच वटवट. कव्हर तेवढं नवीन, गेल्या आठवड्यातल्या पेपरचं.

मी वर पाहिलं. कुलथे माझ्याकडंच बघत होते. त्या दिवशी शिट्टी वाजवायला ते विसरले.

"कुलथे, हा काय प्रकार आहे?" माझा आवाज चढला. "वाचलेली पुस्तकं परत ढिगात? आम्हाला काय वेड्यात काढता?"

बोलले ते भाऊसाहेब, पुस्तकातून डोकं न काढता. "ऱ्हाऊ द्या वो शिस्टर. मला लई दिवसांपास्नं म्हायती हाय. ह्ये तर मी तिसऱ्यांदा वाचतोय."

"आणि बोलला नाहीत? गुडघे एवढे दुखतात तरी येत राहिलात?"

"काय बोलायचं? मानूस वाट बगत बसल्यालं आस्तंय."

कुलथे उभे राहिले. हात मागं बांधले, साहेबापुढं उभं राहावं तसे. "सिस्टर, चूक कबूल आहे. ढीग खाली जायला लागला तशी मला झोप येईना. स्टोअरला इतकी वर्षं काढली, रोज माणसं यायची. सगळी काउंटरवर. ज्याला त्याला काहीतरी न्यायचं असायचं. वस्तू मिळाली की माणूस गेला. नुसतं मला भेटायला म्हणून कुणी आलेलं मला आठवत नाही. म्हटलं, माल आहे तोवर तुम्ही याल."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. एवढी वर्षं माणसांची दुखणी ओळखण्यात घालवली आणि समोरचं हे दुखणं मला कळलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी पुस्तक मिटलं. "कुलथे, पुढल्या रविवारी आमी जेवायला येनार. पुस्तक न्हाई, शिट्टी न्हाई. पिठलं-भाकरी करा. भाकरी शिस्टर थापतील."

"आणि त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही दोघं माझ्याकडं," मी कशीबशी म्हणाले.

कुलथे आत गेले. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. मग ते दारात आले, तोंडावर पाणी मारलेलं, पुसायचं राहिलेलं.

"पिठलं," त्यांनी विचारलं, "पातळ आवडतं का घट्ट?"