लीलाबाईंचा पाठ

"बुधवारी पुण्याच्या बाई माझा पाठ तपासायला येणार आहेत," लीलाबाईंनी सारजाबाईला बजावलं. "मुलांना आंघोळी घालून, धुतलेले कपडे घालून पाठवा म्हणावं. एकही मूल चुकता कामा नये."

सारजाबाई ही माले गावच्या बालवाडीची मदतनीस. घरोघरची पोरं गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची आणि या दारची बातमी त्या दारी पोचवायची, ही तिची कामं. शेवटचं काम ती हौसेनं करायची. पण 'माझा पाठ' हे शब्द तिला खटकले. एवढी शिकलेली बाई आणि बोलताना अशी चुकते! पाठ कधी 'माझा' असते का? बिचारीला लाजवायचं कशाला, म्हणून ती मनातल्या मनात दुरुस्ती करूनच गावात फिरली.

"लीलाबाईची पाठ तपासाया पुन्याची बाई येनार हाय. पोरं बी न्हाऊ घालून पाठवा."

झालं! पाठ तपासणारी म्हणजे डॉक्टरीण. गावातल्या म्हाताऱ्यांनी लगेच ठरवलं की लीलाबाईची तपासते तर आपलीही तपासेल. आयांना मात्र निराळाच वास आला. मागच्या खेपेला अशीच पोरं न्हाऊ घालून नेली होती आणि देवीची लस टोचून परत पाठवली होती. पोरं तापानं फणफणली होती.

इकडे लीलाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचं सगळं त्या एका पाठावर अडलं होतं. पुण्याला राहून त्यांनी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केला होता. चिंध्यांच्या बाहुल्या शिवून झाल्या, मुलांची निरीक्षणं झाली, लेखी परीक्षाही पार पडली. आता परीक्षकांसमोर खरा वर्ग घ्यायचा. त्यात गोष्ट हवी, गाणं हवं, मातीकाम हवं आणि रडणारं मूल आवाज न चढवता शांत करून दाखवायला हवं. हे जमलं तर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तरच नोकरी पक्की. सासरे हैबतराव सुनेशी तोंडावर कधी बोलत नसत. जे सांगायचं ते भिंतीला सांगत. त्यांनी भिंतीला स्वच्छ सांगितलं होतं, "पास झाली तर शाळा. न्हाई झाली तर म्हशी."

बुधवारी परीक्षक वागळेबाई एस.टी.तून उतरल्या आणि देवळाच्या सभामंडपात आल्या. बालवाडी तिथेच भरायची. आत एकही मूल नव्हतं. गावातली म्हातारी माणसं मात्र ओळीनं बसली होती आणि त्यांतल्या भैरूनं तर सदराही काढून ठेवला होता.

"बाई, आदी माजी बगा. हितं, जरा खाली. उसन भरलीया."

वागळेबाई दोन पावलं मागे सरकल्या. लीलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"सारजाबाई, मुलं कुठायत?"

"रानात. आयांनी दडवल्यात. आवंदा पाठीवर टोचनार म्हनं."

"अहो, पाठ म्हणजे धडा!"

"मग धडा म्हनायचं की!" सारजाबाई उलट त्यांच्यावरच चिडली.

वागळेबाईंनी घड्याळ बघितलं. "मुलं नसतील तर पाठ होणार नाही. नियम आहे. माझा नाइलाज आहे."

एवढ्यात काठी टेकत हैबतराव आले. चावडीवर दोन दिवस छाती फुगवून सांगत होते, "आमच्या सुनंनं डाक्तरीन बोलावलीया." आता मंडपात हशा पिकला होता.

"काय हैबतराव, डाक्तरीन कुटं हाय? ही तर शाळंची बाई!"

हैबतराव लालबुंद झाले. त्यांनी काठी भिरकावली आणि कोपऱ्यात जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसले. "म्या बोलनार न्हाई कुनाशी!" म्हणताना त्यांचा ओठ थरथरला आणि डोळे भरून आले.

लीलाबाईंना पास-नापास काही सुचेना. त्यांना फार वाईट वाटलं. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या उठल्या आणि सासऱ्यांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशा, खाली बसल्या. लग्न झाल्यापासून इतक्या जवळून त्यांनी ते डोळे पाहिले नव्हते.

"मामंजी, लई दुखतंय का?"

"तुला काय करायचंय?"

"मला सांगा. मी ऐकतेय."

मुलांसाठी भिजवलेल्या मातीतला एक गोळा लीलाबाईंनी त्यांच्या हातावर ठेवला आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. जरा वेळानं हैबतरावांचे हात आपोआप माती मळायला लागले.

"आंब्यावरनं पडलो तवापास्नं दुखतंय," ते हळूच म्हणाले. "भात लावाया वाकलं की उठवत न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई. म्हातारा झाला म्हनत्यात."

"बरं केलंत सांगितलंत."

हैबतरावांनी बाहीनं डोळे पुसले. तोवर मातीचा बैल झाला होता.

"शिंगं कुटं हायत?" भैरूनं मान लांब केली.

"तुला काय करायचंय? माजा बैल हाय!"

"मग मला बी माती पायजे!"

मग काय, सगळ्यांनाच माती द्यावी लागली. भांडण नको म्हणून लीलाबाईंनी गाणं सुरू केलं. म्हातारे टाळ्या वाजवत गायला लागले. हा गोंगाट रानात पोचला. पोरं कुंपणावरून डोकावली तर आजोबा मातीत खेळतायत! ती धावतच मंडपात शिरली, "आमची माती, आमची माती" करत. मागून आया आल्या आणि कुणी टोचत नाही हे बघून तिथेच टेकल्या. पाठ असा रंगला की वागळेबाईंची एस.टी. निघून गेली, तरी त्यांना पत्ता नाही.

पुढच्या एस.टी.साठी निघताना त्या लीलाबाईंच्या कानाशी म्हणाल्या, "सगळं उत्तम. रडणारं मूल तर फारच छान सांभाळलंत. त्याचं वय मी लिहीत नाही."

लीलाबाईंनी जीभ चावली. हसू लपवायला पदर पुढे ओढला.

घरी जाताना हैबतराव मातीचा बैल जपून धरून पुढे चालले होते आणि लीलाबाई रीतीप्रमाणे मागे. ओढ्यापाशी ते थांबले, सून जवळ येईपर्यंत वाट बघितली आणि घसा खाकरून म्हणाले, "मग? झालो का आपुन पास?"