बंद दारापुढचे साळवे सर

आमच्या भिंगारच्या गल्लीतले साळवे सर बंद दाराशी बोलतात. घराला कुलूप, काकू बाजारात, चावी काकूंच्या कमरेला. अशा वेळी दुसरा माणूस ओट्यावर पेपर वाचत बसेल. सर उंबऱ्याशी बसून दाराला लॅटिन कविता ऐकवतात. तीही हातवारे करून.

"दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे कवी असेच प्रेयसीच्या दारापुढं रडायचे," ते मला सांगतात. "थंडीत, पावसात, रात्र रात्र!"

"रोज? मग सकाळी कामावर कधी जायचे?" हिशेब लागल्याशिवाय मला काही पटत नाही.

"तुम्ही कवितेच्या वाटेला जाऊ नका," सर म्हणतात.

तेवढ्यात काकू येतात. "सरका. कुलूप काढू द्या."

सर तरुणपणी फादर व्हायला गेले, लॅटिन शिकले, आणि ते मध्येच सोडून सुमनकाकूंशी लग्न करून मोकळे झाले. काकूंना ते हाक मारतात 'फ्लाविया'. फ्लाविया म्हणजे सरांचं जुनं प्रकरण असावं, असा गल्लीचा बरेच दिवस समज होता. काकू जामखेडकडच्या. चिडल्या की म्हणतात, "त्या फ्लावियाला म्हनावं, ये आन् भाकरी थाप!"

एकदा मी विचारलंच. सर हळू आवाजात म्हणाले, "ते कवी मनातलं सगळं गावाला सांगायचे. लाडकीचं खरं नाव तेवढं दुसऱ्या नावाआड झाकून ठेवायचे. बाकी सगळं चारचौघांचं, नाव तेवढं आपलं."

मध्यंतरी काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. सोबतीला मी होतो. आत नेताना काकूंनी चावी सरांच्या हातात दिली. "हारवू नका."

ऑपरेशन नीट पार पडलं, पण काकू लवकर जाग्या होईनात. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, नावानं हाका मारा."

"फ्लाविया," सर म्हणाले. पुन्हा म्हणाले. पापणीही हलली नाही.

"अहो, खरं नाव घ्या ना!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे वळलो. माझ्या पाठीमागे त्यांनी लॅटिनमधलं काहीतरी सुरू केलं, ते अर्ध्यावरच तुटलं. मग अगदी वेगळाच आवाज आला.

"सुमन... ए सुमन, दार उघड की गं."

मग डोळे न उघडताच काकू पुटपुटल्या, "चावी तुमच्याकडंच दिलीया न्हवं?"

सरांनी घाईघाईनं खिसा चाचपला.