आंतरपाट सोडून गेलेले मामा

चिपळूणच्या हेमलता खातू यांनी काढलेल्या लग्नाच्या एका फोटोतून नवरीचे मामा गुरुवारी निघाले आणि समोरच्या भिंतीवरच्या समुद्राच्या फोटोत जाऊन बसले.

हेमलताबाई पोटासाठी लग्नं टिपत आणि मनासाठी समुद्र. समुद्र काळापांढरा, आणि त्यात माणूस येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा जुना नेम. रविवारी त्यांचं पहिलंवहिलं प्रदर्शन होतं. आणि आता सगळ्यात चांगल्या फोटोत, खडकावर, गुलाबी फेट्याचे मामा पाय सोडून बसले होते.

"मामा, परत जा बघू," त्या म्हणाल्या.

"आंतरपाट धरून हात भरून आलेत, बाई. गुरुजी काही 'सावधान' म्हणून संपवत नाहीत."

हे खरं होतं. फोटोतले गुरुजी आ वासून उभे होते, ते तसेच राहणार होते.

"निदान रविवारपुरतं तरी."

"इथे वारा चांगलाय," मामा म्हणाले.

संध्याकाळी नवरीची आई, कालिंदीबाई शिर्के, लेकीला घेऊन अल्बम न्यायला आल्या. मामा गेल्यामुळे आंतरपाटाचं एक टोक खाली पडलं होतं आणि नवरानवरीने एकमेकांना बघून घेतलं होतं.

"मुहूर्ताआधीच बघितलं," कालिंदीबाई खाली बसल्या. "आता हे लग्न धरायचं का?"

"लग्न तर लागलंय की."

"फोटोत कुठे लागलंय? पाहुणे फोटोच बघणार."

मग त्या समुद्राकडे वळल्या. "दादा, लहानपणापासून तुझं हेच. हातातलं काम टाकून पळायचं." मामा भरतीकडे बघत राहिले. कालिंदीबाईंनी खऱ्या मामांना फोन लावला. ते म्हणाले, "तो माझं ऐकायचा नाही. मीही गेलोच असतो."

नवरीने, शलाकाने, फोटो उजेडात धरला. नवऱ्याच्या मुंडावळ्या कानावर आल्या होत्या आणि ती स्वतः डोळे मिटेपर्यंत हसत होती. हेमलताबाईही वाकून बघत राहिल्या. इतकी लग्नं टिपली, पण असा चेहरा त्यांना कधी मिळाला नव्हता. आजवर त्या सगळ्यांना नीट उभं करत आल्या होत्या.

"हाच मोठा करून द्या," शलाका म्हणाली. "मामांना राहू दे तिकडेच."

"एक प्रत प्रदर्शनात लावू?" हेमलताबाईंनी चाचरत विचारलं.

कालिंदीबाईंनी बराच विचार केला. "लावा. पण दादाला उन्हात टांगू नका."

रविवारी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले. एक गृहस्थ समुद्रापुढे बराच वेळ मान वाकडी करून उभे होते. शेवटी म्हणाले, "मामा, जरा सरकता का? होडी दिसत नाहीये."

मामा सरकले.