बाबांच्या वतीने

सासरे स्टुलावरून पडले, तेव्हा वकिलाने आधी स्टुलाचे फोटो काढले आणि मग सासऱ्यांना उचललं. यात दुष्टपणा नव्हता, सवय होती. बसमधून पडलेले, दुकानाच्या ओल्या फरशीवर घसरलेले, अशा लोकांच्या वतीने नुकसानभरपाईचे दावे लावणं हा त्याचा धंदा. प्रत्येक अशिलाला तो बजावून सांगे, "आधी फोटो. आणि काही झालं तरी चूक कबूल करायची नाही. एकदा 'चुकलं' म्हणालात की केस गेली."

ही शिकवण त्याच्या स्वतःच्याच अंगात इतकी मुरली होती, की सासरे मनगट धरून कण्हत असतानाही साधं 'माझं चुकलं' त्याच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, "नेमकं कशामुळे घडलं, ते आत्ताच सांगता येणार नाही."

बायको दारात उभी होती. वडिलांना दवाखान्यात नेऊन तिने मनगटाला प्लास्टर घालून आणलं, त्यांना सोफ्यावर बसवलं आणि त्यांची बॅग भरायला घेतली.

"हे काय?" वकिलाने विचारलं.

"बाबा ताईकडे राहायला जातायत. कायमचे. माणूस पडल्यावर आधी फोटो निघतात, त्या घरात त्यांना नाही ठेवायचं मला."

वकिलाचं धाबं दणाणलं. सासूबाई गेल्यापासून सासरे इथेच होते. रोज संध्याकाळी दोघांचा पत्त्यांचा डाव रंगे, आणि कोर्टातल्या त्याच त्या गोष्टी सासरे दर वेळी नव्याने ऐकत. त्यांच्यावर त्याचा फार जीव होता.

"काही तडजोड?" तो चाचरत म्हणाला.

"आहे ना." बायको खुर्ची ओढून समोर बसली. "बाबांच्या वतीने मी बोलणार. बाबा, तुम्ही मध्ये बोलायचं नाही." मग ती नवऱ्याकडे वळली. "स्टुलाचा पाय मोडका होता, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"निश्चित असं काही..."

"पायाला सुतळी कोणी बांधली?"

वकिलाने हळूच मोबाईल पालथा घातला.

"तुमच्याच फोटोत दिसतेय. गाठही तुमचीच. बुटाच्या नाडीला असली गाठ या घरात दुसरं कोणी मारत नाही."

वकिलाने फोटो मोठा करून पाहिला. गाठ त्याचीच होती. प्रतिवादीने स्वतःविरुद्ध इतका चोख पुरावा जमवलेला त्याने आजवर पाहिला नव्हता. "पण बाबांनीही जरा बघून चढायला..."

"म्हणजे पडलेल्यालाच दोष? विमा कंपनीचा माणूस असं म्हणाला की तुम्ही टेबलावर हात आपटता."

वकील बघतच राहिला. इतकी वर्षं तो बाहेरच्या खोलीत फोनवर तावातावाने भांडत होता आणि ही आत कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालता बाईने अख्खी वकिली शिकून घेतली होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

"आता त्रासाचं बोलू," ती शांतपणे म्हणाली. "उजवा हात आहे. बाबांना जेवता येत नाही, दाढी करता येत नाही, पत्ते पिसता येत नाहीत. मनाचा त्रास वेगळा. तो पडल्याचा नाही. जावई हात द्यायच्या आधी मोबाईल काढतो, हे जमिनीवरून बघण्याचा."

वकिलाच्या अंगावर काटा आला. असं वाक्य आपल्याला सगळ्या कारकिर्दीत सुचलं नाही, हे त्याने मनोमन मान्य केलं. नवरा म्हणून तो पार खचला होता, पण वकील म्हणून त्याला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

"दवाखान्याचा सगळा खर्च देतो. आरामखुर्ची आणतो," तो म्हणाला.

"माझ्या अशिलाला यातलं काही नको. एक वाक्य हवंय."

वकील उठला आणि सासऱ्यांजवळ जाऊन बसला. "बाबा, चुकलं माझं. स्टूल दुरुस्त करायचं सोडून सुतळी बांधली, आणि तुम्हाला उचलायचं सोडून फोटो काढत बसलो. जाऊ नका."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "जावईबापू, तुम्ही एवढ्या मोकळ्या मनाने बोललात, आता माझ्याच्याने लपवणं होत नाही. सुतळी मी बघितली होती. पण कपाटावर बिस्किटांचा डबा होता हो."

डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून लेकीने तो डबा तिथे लपवला होता.

वकिलाने कान टवकारले. "म्हणजे धोका माहीत असून चढलात? अगं, मग हा दावा टिकतच नाही."

"तडजोड झाल्यावर नवा पुरावा घेत नाहीत," बायको म्हणाली. "तुम्हीच सांगता सगळ्यांना." मग तिने खुर्ची सावकाश वडिलांकडे वळवली. "आता बिस्किटांचं बघू. याआधी किती वेळा चढला होतात, बाबा?"

सासऱ्यांनी धडक्या हाताने जावयाचा दंड गच्च धरला. "जावईबापू, माझ्या वतीने तुम्ही बोला."

वकिलाने बायकोकडे पाहिलं. ती पदर खोचून शांतपणे उत्तराची वाट पाहत होती.

"बाबा, तुमच्यासाठी जीव देईन," तो दबक्या आवाजात, मोठ्या आदराने म्हणाला, "पण हिच्यासमोर उभा राहणार नाही. तुम्ही आपलं सरळ कबूल करून टाका."